बिनरंगाचा दगड

कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलंड बेटावर जाऊन आले म्हटलं की टोरांटोच्या नॉर्थ यॉर्कमधली आमची मंडळी दोनच प्रश्न विचारतात. हिमनग दिसला का, आणि मूस आडवा आला का? दोन्ही झालं. हिमनग लांबून फार सुंदर दिसतो, जवळ गेलं की नुसती थंडी वाजते. आणि मूस, म्हणजे घोड्याहून उंच सांबरच, रस्त्यात उभा राहिला की त्याच्या मनात येईल तेव्हाच हलतो. हॉर्न वाजवून काही उपयोग नसतो. एवढं सांगून झालं की लोक समोशांकडे वळतात. पण मी तिकडे गेले होते एक दगड बघायला, आणि ती हकीकत समोशांबरोबर सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहायला बसले.

माझा धाकटा भाऊ सुधीर मालवाहू जहाजावर कुक होता. त्याचं जहाज क्वेबेककडे निघालेलं असताना न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकापाशी, दाट धुक्यात, तो नाहीसा झाला. सकाळचा नाश्ता त्याने सगळ्यांना वाढला, आणि दुपारी स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं. त्याला पडताना कुणी पाहिलं नाही, ओरडलेलं कुणी ऐकलं नाही. शोध झाला, कागदपत्रं आली, आणि जहाज पुढे गेलं.

आपल्यात बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, म्हणजे माणूस गेला असं धरून पुढचे विधी करता येतात. ती बारा वर्षं यंदा भरत होती. चिपळूणला आई म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत एवढं होऊन जाऊ दे. त्याला असा अधांतरी ठेवून मी कशी जाऊ?" गुरुजींशी बोलणं झालं, दिवस ठरत आला, आणि माधुरी 'नाही' म्हणाली. माधुरी म्हणजे सुधीरची बायको. शाळेत शिकवते, आईबरोबरच राहते, आणि सासूला तिने तोवर उलट शब्द ऐकवलेला नव्हता.

मला फोनवर तिने कारण सांगितलं. "ताई, पुतळा पेटला की त्याच संध्याकाळी बायका माझं कुंकू पुसायला येतील. आईंचं पुसलं तेव्हा मी तिथे होते. ह्यांना गेलेलं कुणी पाहिलंय का? मग गवताच्या बाहुलीपायी मी विधवा होऊ?" आईचंही पटत होतं, हिचंही पटत होतं. मला स्वतःला विचाराल तर मला ते एकदाचं संपायला हवं होतं. बहिणीलाही झोप लागत नाही, पण बहिणीला कुणी विचारत नाही.

मी नॉर्थ यॉर्कमधल्या एका फार्मसीत काम करते. तिथे औषधं न्यायला येणाऱ्या एक आजीबाई मूळच्या न्यूफाउंडलंडच्या. त्यांना गप्पांची आवड, आणि मला ऐकायची सवय. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या, आमच्या बेटाच्या उत्तर टोकाला, नॉर्दर्न पेनिन्सुलावर, एक गाव आहे. त्या गावच्या होड्या ज्याला शोधायला निघाल्या आणि ज्याला शोधू शकल्या नाहीत, त्याच्यासाठी गाव चित्रांचा दगड उभा करतं. मग गावचा माणूस असो की परका. "एक तर इंडियातल्या खलाशाचा आहे," त्या म्हणाल्या. "जहाजावरून गेला बिचारा. नाव कुणाला ठाऊक नाही." माझ्या हातातली गोळ्यांची बाटली मी खाली ठेवली आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.

मी माधुरीपासून काही लपवलं नाही. सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "येते मी. मला ते पाणी बघायचंय. पण त्या दगडाला मी हात जोडणार नाही, आधीच सांगून ठेवते."

डियर लेकपासून उत्तरेला

माधुरी टोरांटोला आली, आणि आम्ही दोघींनी विमानाने डियर लेकला जाऊन तिथल्या विमानतळावरून गाडी घेतली. माझ्या मुलाने, निखिलने, निघताना दम भरला होता, "आई, डोन्ट ड्राइव्ह आफ्टर सनसेट, ओके? मूस इज नो जोक." त्याला मी मराठीत विचारलं की तुला गाडी शिकवली कुणी, त्याने इंग्रजीत सांगितलं की युट्यूबने. आमच्या घरात संवाद असेच चालतात.

जून संपत आला होता, तरी डोंगरांच्या खोबणीत बर्फ होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये एकच रस्ता. माधुरी समुद्राच्या बाजूने बसली होती आणि तिने मान वळवली नाही. कोकणातलं माणूस समुद्र बघितला की काहीतरी बोलतं. भरती आहे की ओहोटी, वारा कुठला, आज मासे मिळतील का. ही काहीच बोलेना. शेवटी मीच म्हटलं, "आपल्यासारखाच आहे ना?" ती म्हणाली, "याला वास नाही." खरंच नव्हता. एवढा मोठा समुद्र, आणि खारेपणाचा, कुजल्याचा, माशांचा कसलाच वास नाही. काचा खाली केल्यावर नुसती थंड हवा आत आली, आणि मग मलाही ते नकोसं वाटायला लागलं.

दुपारी एका छोट्या खाणावळीत थांबलो. तिथली बाई दारातच म्हणाली, "व्हेअर यू टू, माय लव्ह?" म्हणजे कुठच्या तुम्ही. इथे सगळेच सगळ्यांना माय लव्ह म्हणतात. पहिल्या दिवशी लाजायला होतं, दुसऱ्या दिवशी सवय होते, आणि टोरांटोला परतल्यावर कुणी म्हणत नाही याचं वाईट वाटतं. खायला कॉड मासा होता, कॉडच्या जिभा होत्या, कॉडचे वडे होते. सुधीर गेल्यापासून माधुरी समुद्रातलं काही खात नाही. चिपळूणची बाई, आणि बारा वर्षं बांगडा नाही की कोळंबी नाही. कारण ती कधी बोलत नाही आणि घरात कुणी विचारत नाही. मी खालच्या आवाजात सांगू लागले, तर ती खाणावळवाली मध्येच म्हणाली, "कळलं. आमच्यातही आहेत अशा दोघी-तिघी." आणि तिने कणकेचे तळलेले गोळे आणि काकवी आणून ठेवली. मला आपल्या घाऱ्यांची आठवण झाली. माधुरीने दोनदा मागून घेतले.

गाव

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. बघे लोक आलेले त्यांना आवडणार नाही. डोंगर संपतो तिथे चुनखडीचा पांढरा, बोडका किनारा सुरू होतो. झाड म्हणावं असं काही नाही. जी आहेत ती वाऱ्याने झोपवलेली, गुडघ्याएवढी. घरं लाकडी, ठळक रंगांची, आणि आम्ही पोचलो तेव्हा त्यांतली अर्धी धुक्यात गेलेली. दुपारचे चार वाजले असतील, पण एका घराच्या पोर्चमधला दिवा जळत होता. बाकी कुठेच नाही, तेवढ्या एकाच घरी. मी त्याच्या रोखाने गाडी नेली, आणि आजीबाईंनी पत्ता दिला होता ते घर तेच निघालं.

दार उघडणारी बाई सत्तरीची, उंच, हात सुतारासारखे. तिचं नाव ब्रिटा. तिचे वडील गॉटलंडचे. गॉटलंड हे स्वीडनचं एक बेट. तिथे हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे चित्रांचे दगड अजून रस्त्याकडेला, शेतात, चर्चच्या भिंतीत सापडतात. मेलेल्या माणसांसाठी उभे केलेले, आणि त्यांतल्या पुष्कळांचे देह कधी घरी आलेच नसावेत असं ब्रिटाचे वडील सांगत. ते खलाशी म्हणून इकडे आले, इथल्या मुलीशी लग्न करून राहिले. गावातली एक होडी परत आली नाही त्या वर्षी त्यांनी इथल्या चुनखडीत आपल्या बेटासारखा पहिला दगड कोरला. ते गेल्यावर ब्रिटा कोरते. बाकीचा वेळ ती शेजाऱ्यांची दारं-खिडक्या दुरुस्त करते आणि हिवाळ्यात म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ शोव्हल करते.

मी तिला विचारलं की भर दिवसा पोर्चचा दिवा कशाला. ती म्हणाली, "तो तुमच्या माणसाचा आहे. दगडाला रंग चढेपर्यंत कुणाच्या तरी घरी दिवा ठेवतो आम्ही. पाळीपाळीने. या महिन्यात माझी पाळी."

"म्हणजे बारा वर्षं?" मी विचारलं.

"धुकं असलं की दिवसाही," ती म्हणाली, जणू हे विचारायचं काय.

मी माधुरीला मराठीत सांगितलं. तिने दिव्याकडे पाहिलं आणि शाल घट्ट ओढून घेतली.

माळावर

आजच बघायचं का, असं ब्रिटाने विचारलं आणि माधुरीने मान हलवली. ब्रिटाने किनाऱ्यावरच्या माळाची वाट दाखवली पण स्वतः आली नाही. "घरच्यांनी पहिल्यांदा एकटं जायचं," ती म्हणाली. "मी चहा ठेवते."

धुक्यातून चालताना आधी आपलीच पावलं ऐकू येतात. लांब कुठेतरी भोंगा वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. मग समोर माणसं दिसली. मी खरंच 'हॅलो' म्हटलं. खाली निमुळते, वर रुंद होऊन गोल झालेले ते दगड, डोक्यावरून घोंगडी घेतलेल्या माणसांसारखे, आमच्या उंचीचे. आणि सगळ्यांची पाठ समुद्राकडे. नुकते पाण्यातून वर येऊन गावाकडे निघाले आहेत आणि आम्ही मध्ये आलो, असं वाटलं. मला पुढे जाववेना. माधुरी सरळ त्यांच्यामधून चालत गेली.

जवळ गेल्यावर चित्रं दिसतात. प्रत्येकावर खाली जहाज, चौकटीचौकटीचं शीड, शिडाच्या दोऱ्या धरून बसलेली माणसं. वर एक स्वार, त्याच्या घोड्याला आठ पाय. आणि स्वाराच्या समोर एक बाई, हातात प्यायला शिंग घेऊन, त्याला सामोरी आलेली. चित्र खालून वर वाचायचं. आपल्या वीरगळांचंही तसंच, खाली लढाई, मध्ये वर नेणाऱ्या अप्सरा, आणि सगळ्यात वर शंकरापुढे हात जोडलेला वीर. आमच्याकडच्या एका देवळामागे असा वीरगळ आहे, लोक शेंदूर फासून त्याची वेताळ म्हणून पूजा करतात. तो कोणासाठी उभा केला हे सांगणारं कुणी उरलं नाही. इथे मात्र प्रत्येक दगडाच्या रेषा रंगवलेल्या होत्या, लाल आणि काळ्या, काही ताज्या, काही उडालेल्या. आणि बहुतेकांची घरं गावातच होती.

बिनरंगाचा एकच होता. सगळ्यात खाली, पाण्याच्या अगदी जवळ. पांढऱ्या दगडावर पांढऱ्या रेषा, धुक्यात त्या दिसतात न दिसतात.

माधुरी त्याच्यासमोर उभी राहिली. हात जोडले नाहीत. जहाजाकडे तिने पाहिलं नाही, स्वाराकडेही नाही. तिची नजर त्या बाईवर होती. बाईच्या मानेवर अंबाडा, अंगावरच्या वस्त्राचा सोगा मागे जमिनीवर लोळणारा.

"ताई, ही आपल्यातली बाई आहे," ती म्हणाली. "पदर बघा."

गॉटलंडच्या जुन्या दगडांवरच्या बायकाही अशाच असतात, हे मला नंतर समजलं. त्या वेळी मलाही तो पदरच दिसत होता.

मग तिने जे केलं त्यात विशेष काही नव्हतं. आपल्याकडे देवळात जा, शेजारच्या वास्तुशांतीला जा, बाईमाणसाची मूर्ती दिसली की हात आपोआप डबीकडे जातो. तिने पर्समधून कुंकवाची डबी काढली, चिमूट घेतली आणि त्या दगडी बाईच्या कपाळाला कुंकू लावलं. थोडं तिच्या हातातल्या शिंगालाही लावलं. "एकटी उभी आहे बिचारी," म्हणाली. मलाही त्यात काही गैर वाटलं नाही. मी तर मनात म्हटलं, चला, निदान दगडाशी बोलायला तरी लागली.

ब्रिटाचा चहा

चहा कडक होता, डब्यातल्या दुधाचा, आणि बरोबर पिवळ्या बेकॲपलचा मुरंबा. नाव ॲपल, पण फळ रासबेरीएवढं आणि दलदलीत उगवतं. माधुरीने कपाभोवती हात धरले आणि थेट विचारलं. इंग्रजी तिचं शाळेतलं, पण चोख. "हाऊ डू यू नो इट इज माय हजबंड?"

ब्रिटा म्हणाली, "नाही माहीत. जहाज इंडियातल्या खलाशांचं होतं, स्वयंपाकी होता, एवढं रेडिओवर ऐकलं. आमच्या होड्या गेल्या. माणूस नाही मिळाला. एक वस्तू मिळाली, ती मी दगडावर कोरली आहे. जहाजातल्या माणसाच्या हातात. तू पाहिली नाहीस?"

आम्ही पाहिली नव्हती. ब्रिटाने टेबलावर बोट ओलं करून एक गोल काढला आणि त्यात तीन ठिपके दिले.

"तपकिरी, केसाळ गोळा होता," ती म्हणाली. "डोक्याएवढा. त्याला चेहरा होता. दोन डोळे आणि उघडं तोंड. धुक्यात तो एकटाच तरंगत होता आणि त्याला लाल रंग माखलेला होता. मोठमोठे पुरुष, पण होडीत घ्यायला कुणी हात लावेना. आम्हाला वाटलं तुमच्याकडे कुणी कुणावर काही करणी केली असेल. शेवटी एकाने तो वल्ह्याने लांब ढकलला."

माधुरीने त्या ओल्या गोलाकडे पाहिलं. तो टेबलावर सुकत चालला होता.

"नारळ," ती म्हणाली. मग मला अगदी शांतपणे म्हणाली, "ताई, त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. मी घरी नारळीभात केला होता. जिथे असतील तिथे हे समुद्राला नारळ द्यायचे. जहाजावरचे हसायचे ह्यांना. म्हणायचे, अरे, हा आपला समुद्र नाही. हे म्हणायचे, त्याला कुठे माहीत आहे?"

मी ब्रिटाला सांगितलं. आमच्या किनाऱ्यावर पावसाळा शमला की समुद्राची पूजा करतात, कुंकू लावलेला नारळ पाण्यात सोडतात, मगच होड्या बाहेर काढतात. सांगता सांगता मला तो दिसला. हातात नारळ, कठड्यावरून वाकलेला, खाली पाणी दिसत नाही, नुसतं पांढरं. नारळ काही फेकायचा नसतो, अलगद सोडायचा असतो. तो किती खाली वाकला असेल.

बारा वर्षं आम्ही भांडण, आजार, अपघात, आणि ज्याचं नाव घ्यायचं नाही तेही, सगळ्याचा विचार केला होता. नारळाचा केला नव्हता. मी रडले. माधुरी रडली नाही. ती म्हणाली, "नारळ ह्यांचा होता. म्हणजे हे गेले असं होत नाही." आणि उठून झोपायला गेली, बाहेर अजून उजेड होता तरी.

ती गेल्यावर ब्रिटाने मला रंगाचं सांगितलं. दगड कोरणं तिचं काम, रंग घरच्यांनी द्यायचा. जवसाच्या तेलात कालवून, आपल्या हाताने. रंग चढला की माणूस किनाऱ्याला लागला, मग त्याची वाट बघायची नाही. "तिने नाही दिला तरी हरकत नाही," ती म्हणाली. "आम्ही दिवा ठेवू." कुंकवाचं मला तेव्हाही सुचलं नाही. कपाळाला कुंकू लावणं म्हणजे रंग देणं, हे आपल्या डोक्यात कसं यावं?

घंटा

सकाळी घंटेने जाग आली. चर्चची नव्हे, होडीवरची असते तसली, कोरड्या आवाजाची, कुणीतरी सावकाश वाजवत होतं. खिडकीबाहेर धुकं काचेला टेकलं होतं. पोर्चमधला दिवा बंद होता.

दार उघडलं तर वाटेवरून माणसं येत होती. आधी आवाज, मग आकार, मग चेहरे. म्हातारे, बायका, एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन. प्रत्येकाच्या हातात मग, कुणाकडे ब्रेड, कुणाकडे केक. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एक म्हातारा माधुरीसमोर आला, टोपी काढली आणि म्हणाला, "ही इज इन, माय लव्ह. ही इज इन." पाठोपाठ सगळे तेच म्हणत गेले आणि तिच्या खांद्याला हात लावत गेले.

"काय म्हणतायत हे? कोण आलं?" माधुरीने विचारलं. तिचा चेहरा पाहून मला भीती वाटली. क्षणभर तिला वाटलं होतं, खरंच कुणी आलं.

मी तिला रंगाचं सांगितलं. ती तशीच, पायात स्लिपर, माळाकडे धावत निघाली आणि मी मागे.

बिनरंगाचा दगड लाल झाला होता. बाईच्या कपाळावरचं कुंकू रात्रभराच्या धुक्याने ओघळून तिच्या पदराच्या रेषेत उतरलं होतं, शिंगातलं स्वाराच्या हातात, तिथून घोड्याच्या आठही पायांतून खाली शिडाच्या चौकटींमध्ये, दोऱ्यादोऱ्यांनी जहाजात, आणि जहाजातल्या माणसात. त्याच्या हातातला नारळ, तीन डोळे, सगळं लाल. एवढ्याशा चिमटीचं एवढं कसं झालं हे मला अजून कळलेलं नाही. कुंकू ओलं झालं की खूप पसरतं, हे मला ठाऊक आहे. तरीही.

माधुरी मागे वळली. सगळं गाव आमच्या मागे येऊन दगडांमध्ये उभं होतं, आणि धुक्यात त्यातला दगड कुठला आणि माणूस कुठला ते कळत नव्हतं.

"मी काही केलेलं नाही," ती ओरडून म्हणाली, मराठीतच. "मी बाईला कुंकू लावलं. सवाष्णीला लावतात तसं लावलं. ताई, सांगा यांना."

मी सांगितलं. कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. ब्रिटा पुढे आली. तिच्याकडे तेलाचा डबा होता आणि दुसऱ्या हातात पाण्याची बादली आणि फडकं. तिने दोन्ही माधुरीच्या पायाशी ठेवलं. "अजून तेल नाही लागलेलं, त्यामुळे पाण्याने जाईल," ती मला म्हणाली. "तिला सांग, चूक झाली असेल तर पुसून टाक. दिवा आजच पुन्हा लावू. पुसायचा हक्क तिचाच आहे."

मी शब्द न शब्द सांगितला. माधुरीने फडकं उचललं, बादलीत बुडवलं, पिळलं. ती दगडापाशी गेली आणि तिने ते त्या बाईच्या कपाळाजवळ नेलं. तिथे तिचा हात थांबला. किती वेळ थांबला सांगता येणार नाही. भोंगा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मी तेव्हा काय मागत होते ते लिहायला मला लाज वाटत नाही. मी मागत होते, नको पुसूस.

"नाही," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, त्या बाईकडे बघत. "मी नाही पुसणार. मी कुणाचंच कुंकू पुसणार नाही."

फडकं तिने बादलीत टाकलं. पर्समधली डबी तिच्याबरोबर नव्हती, मी धावत जाऊन घेऊन आले. ब्रिटाने वाटीत तेल ओतलं. माधुरीने डबीतलं होतं नव्हतं तेवढं कुंकू त्यात कालवलं आणि बोटाने रेषा भरायला बसली. आधी जहाज. मग शीड. मग तो माणूस, अगदी सावकाश, जसं आपण लहान मुलाला तीट लावतो. तेव्हा ती रडली. रडत होती आणि हात चालवत होती. गावातल्या बायका तिच्या दोन्ही बाजूंना उकिडव्या बसल्या, कुणी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, नुसत्या बसून राहिल्या. बाईच्या कपाळाशी आल्यावर तिने तेलाचं कुंकू ठसठशीत लावलं, आणि बोटाला उरलं ते स्वतःच्या कपाळाला.

मग सगळ्यांनी आपापल्या मगातला पहिला घोट जमिनीवर सांडला आणि उरलेला प्यायले. चहात रम होती. मला ठसका लागला, आणि त्या सगळ्यात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

घरी येऊन आम्ही चिपळूणला फोन लावला. तिकडे दिवेलागण झाली होती. माधुरीने फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला, तिच्या बोटांना तेल होतं.

"आई," ती म्हणाली, "हे किनाऱ्याला लागले."

आई म्हणाली, "कोणी पाहिलं?"

माधुरीने नारळाचं सांगितलं. बाकी काही सांगावं लागलं नाही. दगडाचं सांगितलं, रंग मी माझ्या हाताने दिला म्हणाली.

"नंदा आहे का तिथे?"

"आहे गं आई," मी म्हटलं.

"पौर्णिमेचा नारळ," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "लहानपणी तो असाच वाकायचा. मी सदऱ्याला धरून ठेवायची." थोडं थांबून म्हणाली, "मग आता पुतळा नको. आणि माधुरी, तू घरी ये. तुझ्या कपाळाला कुणी हात लावणार नाही. मी दारात बसेन, बघू कोण येतं ते."

"फोन ठेवू नका," आई म्हणाली. "मी आंघोळ करून येते."

आपल्यात घरचं माणूस गेल्याचं कळलं की डोक्यावरून आंघोळ करतात. बारा वर्षं आईने ती केली नव्हती, आम्ही कुणीच केली नव्हती. फोनवर तिची पावलं आत जाताना ऐकू आली. दाराची कडी वाजली. नळ सोडल्याचा, बादली भरल्याचा आवाज आला. मग तांब्याने पाणी घेतल्याचा, आणि ते लादीवर पडल्याचा. पुन्हा तांब्या, पुन्हा पाणी. माधुरीने टेबलावरून माझा हात धरला. पाणी बराच वेळ पडत होतं, आणि आम्ही दोघी ते ऐकत बसलो.